सर्पगंधा, भात आणि शवासन

ज्या रोगात वेदना होत नाही, त्या रोगाची धास्ती मनुष्याला सहसा वाटत नाही. दाढ ठणकू लागली की रात्री-अपरात्री वैद्याचे दार ठोठावले जाते. परंतु धमन्यांतील रक्ताचा दाब वर्षानुवर्षे चढत असला, तरी त्याचा धनी सुखाने जेवतो, कचेरीत जातो, आणि प्रकृती ठणठणीत असल्याची ग्वाही देतो. पुढे एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो, किंवा हृदय थकून पायांवर सूज चढते, किंवा मूत्रपिंडे काम सोडतात. आणि मग घरच्यांना कळते की शत्रू घरात केव्हाचाच शिरला होता. या मूक शत्रूशी वैद्यकाने दिलेल्या झुंजीचा इतिहास फार जुना नाही. त्या इतिहासात मोठमोठ्या प्रयोगशाळांना स्थान आहे हे खरे. तथापि एका रानटी झुडपाचे मूळ, ताटातला साधा भात आणि जमिनीवर निश्चल पडून राहण्याचे एक आसन, या तीन अगदी घरगुती गोष्टींनाही त्यात स्थान आहे. ते स्थान त्यांना कसे मिळाले, आणि शास्त्राच्या न्यायासनापुढे त्यांपैकी कोणाच्या पदरात काय पडले, ही हकीगत मोठी उद्बोधक आहे.

रोगाशी लढावयाचे तर प्रथम तो मोजता आला पाहिजे. रक्ताला दाब असतो हे स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १७३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. एका घोडीच्या धमनीत नळी बसवून तिला त्याने काचेची उंच नळी जोडली, आणि रक्त आठ फुटांहून अधिक वर चढलेले पाहिले. प्रयोग अपूर्व होता. परंतु तो माणसावर करण्याजोगा नव्हता. १८९६ मध्ये इटलीतील रिवा-रोच्ची याने दंडाभोवती हवेचा पट्टा आवळून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याची युक्ती काढली, आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने पट्ट्याखाली नळी लावून धमनीतील आवाज ऐकण्याची पद्धत घालून दिली. आज कोणत्याही दवाखान्यात जे दोन आकडे सांगितले जातात ते त्या पद्धतीचेच फळ. पहिला आकडा हृदय आकुंचन पावते त्या क्षणीचा, दुसरा ते विसावते त्या क्षणीचा.

आकडे मिळाले, परंतु त्यांचे करावयाचे काय, याविषयी मात्र विद्वानांत दीर्घकाळ घोळ होता. वय वाढले, धमन्या कठीण झाल्या, तर त्यांतून रक्त रेटण्यासाठी दाब वाढणे निसर्गालाच आवश्यक असावे, अशी पुष्कळांची समजूत होती. अमेरिकेतील अग्रगण्य हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात असा इशारा दिला होता की, वाढलेला दाब ही शरीराची भरपाईची योजना असू शकेल, आणि तो खाली आणणे साधले तरी तिच्यात ढवळाढवळ करणे इष्ट ठरेलच असे नाही. शिवाय दाब उतरविणारे भरवशाचे औषध हाती नव्हतेच. जे साधत नाही ते अनावश्यक आहे असे मानण्यात मनाला एक प्रकारचे समाधान असते. शास्त्रज्ञही त्या मोहातून सर्वस्वी मुक्त नसतात.

या समाधानाची किंमत किती जबर होती, याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने तपासले, तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६ व १०८ होता आणि हृदय थकलेले होते. ब्रुएन यांनी डिजिटॅलिस दिले, मीठ कमी करविले, सिगारेटी कमी करविल्या, विश्रांती सांगितली. याहून अधिक काही त्या काळच्या वैद्यकाच्या पोतडीत नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे रूझवेल्ट यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्या वेळी मोजलेला दाब ३०० व १९० होता. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा प्रमुख, साठी उलटून तीनच वर्षे झालेली, महायुद्ध संपत आलेले. आणि त्याच्या शिरांतील दाब चार अंगुळे खाली आणील असे औषध त्याच्या राजवैद्यांपाशी नव्हते.

परंतु ते औषध जगात नव्हते असे मात्र नाही. ते हिंदुस्थानात बाजारपेठेत विकले जात होते.

त्या औषधाकडे वळण्यापूर्वी एका जुन्या दृष्टांताची आठवण करून देणे आवश्यक आहे. कारण लोकांचे औषध शास्त्रात कसे यावे याचा धडा तोच आहे. रूझवेल्ट यांना दिलेले डिजिटॅलिस हेही मुळात एक गावठी औषधच. इंग्लंडात श्रॉपशायर परगण्यात एक वृद्धा जलोदरावर वीसेक वनस्पतींचा काढा देत असे, आणि जेथे नामांकित वैद्य हात टेकीत तेथे कधी कधी तिला गुण येई. १७७५ मध्ये विल्यम विदरिंग या वैद्याच्या कानी ही गोष्ट आली. काढ्यातील गुण एकट्या फॉक्सग्लोव्ह या जांभळ्या फुलांच्या वनस्पतीत असावा, हे त्याने ताडले. मग दहा वर्षे त्याने तिच्या पानांची मात्रा बदलून पाहिली, पाने केव्हा खुडावीत हे ठरविले, विषबाधेची लक्षणे टिपली, आणि १७८५ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाचे खरे मोल असे की, त्यात यशस्वी रुग्णांबरोबर अपयशी रुग्णांचीही नोंद आहे. निवडक यशे छापून कीर्ती मिळविणे त्याला अवघड नव्हते. त्याने ते कटाक्षाने टाळले. वृद्धेचा काढा आणि विदरिंगचे डिजिटॅलिस यांत वनस्पतीचा भेद नाही. भेद आहे तो या प्रामाणिक हिशोबाचा.

आता सर्पगंधेकडे वळू. हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या घाटापर्यंत ओलसर सावलीत वाढणारे हे हातभर उंचीचे झुडूप. सर्पगंधा हे नाव प्राचीन संहितांत येते. त्या ग्रंथांतील वनस्पती आणि आजची वनस्पती एकच काय, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. लोकव्यवहारात मात्र तिचे मूळ सर्पदंशावर, तापावर, निद्रानाशावर आणि विशेषेकरून वेडावर दिले जाई. बिहारात तिला ‘पागल की दवा’ असेच नाव पडले होते. गोव्यात १५६३ मध्ये छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या औषधिविषयक संवादांतही सर्पविषावर चालणाऱ्या मुळ्यांची आणि लाकडांची चर्चा आढळते. पुढे युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी या कुळाला राउवोल्फिया असे नाव दिले. ते आउग्सबुर्ग येथील राउवोल्फ नामक वैद्य-प्रवाशाच्या स्मरणार्थ होते. या गृहस्थाने पश्चिम आशियात पुष्कळ भ्रमंती केली. परंतु हिंदुस्थानात त्याचे पाऊल कधी लागले नाही. नाव एकाचे आणि ज्ञान दुसऱ्याचे, असा प्रकार इतिहासात वारंवार घडतो.

१९३१ हे वर्ष या कथेत विशेष महत्त्वाचे आहे. व्हाइट यांचा ग्रंथ ज्या वर्षी बाहेर पडला त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या मासिकात एक लेख प्रसिद्ध केला. सर्पगंधा हे उन्मादावर आणि चढलेल्या रक्तदाबावर उपयुक्त असे औषध आहे, हे त्याचे प्रतिपाद्य. गणनाथ सेन हे नामांकित कविराज होते आणि पाश्चात्त्य वैद्यकाचेही रीतसर शिक्षण घेतलेले होते. दोन्ही विद्यांच्या संगमावर उभ्या असलेल्या माणसालाच हे सुचावे, यात नवल नाही. त्याच वर्षी दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळातून काही अल्कलॉइड द्रव्ये वेगळी काढली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. पुढे १९३३ मध्ये रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलकत्त्यात प्राण्यांवर प्रयोग करून या मुळाचा दाब उतरविण्याचा गुण तपासला. तात्पर्य, रूझवेल्ट यांच्या मृत्यूपूर्वी बारा-चौदा वर्षे हे सर्व मासिकांत छापून आलेले होते. परंतु कलकत्त्याचे मासिक बॉस्टनमध्ये कोण वाचणार?

ही दरी सांधण्याचे श्रेय मुंबईकडे जाते. रुस्तुम जाल वकील हे १९११ मध्ये जन्मलेले, लंडनमध्ये शिकून आलेले आणि मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयात काम केलेले हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधेच्या गोळ्या त्यांनी वर्षानुवर्षे आपल्या रुग्णांना दिल्या, आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या लंडनच्या नियतकालिकात ५० रुग्णांचा तपशीलवार वृत्तांत प्रसिद्ध केला. चार आठवड्यांच्या उपचारानंतर बहुसंख्य रुग्णांचा दाब उतरला होता. उतार अकस्मात नव्हे, हळूहळू होता. औषध बंद केल्यावरही त्याचा परिणाम काही काळ टिकत होता. वकिलांच्या निबंधात चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट नव्हते. रक्तदाबाच्या क्षेत्रात ती चाल तेव्हा रूढच झाली नव्हती. परंतु आकडे होते, मात्रा होती, दोषांचीही नोंद होती, आणि मुख्य म्हणजे जगातील हृदयरोगतज्ज्ञ जे नियतकालिक वाचीत त्यात ते छापले गेले होते.

बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो निबंध वाचला, हिंदुस्थानी गोळ्या मागविल्या आणि आपल्या रुग्णांवर त्या वापरून पाहिल्या. दाब तर उतरलाच; शिवाय रुग्ण शांत झाले, त्यांची तगमग थांबली, असे त्यांच्या ध्यानी आले. बिहारच्या बाजारातले ते जुने नाव उगीच पडलेले नव्हते! इकडे स्वित्झर्लंडात बाझेल येथील सीबा कंपनीच्या म्यूलर, श्लिटलर आणि बाइन या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये त्या मुळातील प्रमुख गुणकारी द्रव्य शुद्ध रूपात काढले. तेच रेसर्पिन. १९५६ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने घडवून दाखविले. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक देऊन गौरविण्यात आले.

रेसर्पिनची क्रिया कशी चालते, याच्या शोधातून एक नवेच शास्त्र उभे राहिले. मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म कोष असतात आणि संदेश पोहोचविणारी द्रव्ये त्यांत साठविलेली असतात. रेसर्पिन त्या कोषांत द्रव्य भरणारी वाट बंद करते. कोठार रिकामे पडले की धमन्यांना आवळण्याचा हुकूम पोहोचत नाही. धमन्या सैल पडतात, नाडी मंदावते, दाब उतरतो. परंतु तीच कोठारे मेंदूतही आहेत. १९५७ च्या सुमारास स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल केलेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले, तेव्हा ते ससे पुन्हा हिंडू लागले. या संशोधनातून कंपवाताच्या उपचाराचा मार्ग निघाला, आणि २००० मध्ये कार्लसन यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. एका गावठी मुळाने मेंदूच्या अभ्यासाचे दार उघडावे, हे खरोखर विलक्षण होय.

तथापि जे औषध मेंदूत शिरते ते केवळ उपकारच करील, अशी अपेक्षा करणे भोळेपणाचे ठरले असते. १९५४ मध्येच एडवर्ड फ्रीस या वॉशिंग्टनच्या वैद्याने दाखवून दिले की, मोठ्या मात्रेत दीर्घकाळ रेसर्पिन घेतलेल्या काही रुग्णांना तीव्र खिन्नता ग्रासते. नाक चोंदणे, जठरातील आम्ल वाढणे, हेही दोष होते. मात्रा पुष्कळ कमी केली तर हे दोष बऱ्याच अंशी टळतात असे पुढे अनुभवास आले. पण खरा प्रश्न याहून मोठा होता. दाबाचा आकडा उतरला हे ठीक. परंतु त्यामुळे माणूस वाचतो काय? व्हाइट यांची १९३१ ची शंका अजून कोणी पुराव्याने खोडून काढलेली नव्हती.

ती खोडून काढण्याचे काम याच फ्रीस यांनी केले, आणि ज्या औषधाचे दोष त्यांनी स्वतः उघडे केले होते त्याच औषधाच्या साहाय्याने केले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्यांनी १४३ पुरुष निवडले. यांचा दुसरा आकडा ११५ ते १२९ इतका चढलेला होता. चिठ्ठ्या टाकून ७३ जणांना खरे औषध आणि ७० जणांना औषधासारख्याच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या देण्यात आल्या. खऱ्या औषधात तीन द्रव्ये होती: मूत्रल हायड्रोक्लोरोथायझाइड, धमन्या सैल करणारे हायड्रॅलझीन, आणि रेसर्पिन. कोणाला काय मिळते हे ना रुग्णाला ठाऊक, ना त्याला तपासणाऱ्या वैद्याला. १९६७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांवर गंभीर आपत्ती ओढवली आणि चार जण दगावले. खरे औषध घेणाऱ्यांत आपत्ती फक्त दोघांवर आली, मृत्यू एकही झाला नाही. १९७० मध्ये याहून सौम्य दाब असलेल्या ३८० जणांचा निकाल आला. त्यातही रक्तदाबजन्य मृत्यू निर्गुण गटात १९ आणि औषधाच्या गटात ८ होते. दाब उतरविला की माणूस वाचतो, हे त्या दिवसापासून निर्विवाद झाले. या सिद्धान्ताच्या पायातला एक दगड सर्पगंधेचा आहे, ही गोष्ट आज फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढे १९७४ मध्ये रेसर्पिनने स्तनाचा कर्करोग होतो अशी हाकाटी झाली. नंतरच्या अधिक काळजीपूर्वक अभ्यासांत ती टिकली नाही. परंतु तोपर्यंत नवी, अधिक सुसह्य औषधे आली होती आणि रेसर्पिन मागे पडले. आज ते क्वचितच दिले जाते. मुळासाठी झालेल्या बेसुमार तोडीने हे झुडूप रानातही दुर्मिळ झाले, आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. अजमलीनचे भाग्य निराळेच निघाले. त्याचा उपयोग हृदयाच्या ठोक्यांतील बिघाडांवर होऊ लागला, आणि हृदयाच्या एका आनुवंशिक विकाराचे निदान करण्यासाठी ते आजही वापरले जाते.

दुसरी कथा भाताची. वॉल्टर केम्पनर हे जर्मन वैद्य हिटलरच्या राजवटीतून निसटून १९३४ मध्ये अमेरिकेत आले आणि नॉर्थ कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठात काम करू लागले. मूत्रपिंडांवरील ओझे हलके करावे या कल्पनेने त्यांनी रुग्णांना केवळ भात, फळे, फळांचा रस आणि साखर यांवर ठेवण्यास प्रारंभ केला. भातात मीठ नाही, तूप नाही, डाळ नाही. दिवसाची प्रथिने सुमारे २० ग्रॅम, स्निग्धांश पाच ग्रॅमच्या आत, सोडियम अत्यल्प. अशी हकीगत सांगतात की, १९४२ मध्ये एका ग्रामीण स्त्रीला त्यांनी दोन आठवड्यांनी परत येण्यास सांगितले. त्यांचे जर्मन धाटणीचे इंग्रजी तिला नीट कळले नाही, आणि ती दोन महिने भातावर राहून परतली. येताना १९० व १२० असलेला तिचा दाब १२४ व ८४ वर आला होता, फुगलेले हृदय आक्रसले होते, आणि डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तस्रावाच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. दीर्घकाळ हा आहार चालू ठेवला तर असाध्य रुग्णही सुधारतात, हे केम्पनर यांच्या ध्यानी आले. १९४४ पासून त्यांनी आपले वृत्तांत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि हृदयाची क्ष-किरण छायाचित्रे व नेत्रपटलाची छायाचित्रे आधीची व नंतरची अशी शेजारी-शेजारी मांडून दाखविली.

छायाचित्रे खोटी नव्हती. परंतु तुलनेचा गट त्यांच्यापाशी नव्हता, आणि गुण कशाचा हेही सिद्ध झालेले नव्हते. भाताचा? फळांचा? प्रथिने घटविल्याचा? १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गुंता सोडविला. तो आहार तसाच ठेवून त्यात प्रथिने वाढविली, तरी गुण गेला नाही. मीठ वाढविले की गेला. म्हणजे पुण्य भाताचे नव्हते, मीठ नसण्याचे होते. फ्रान्समध्ये अँबार आणि बोजार यांनी १९०४ मध्येच मिठाकडे बोट दाखविले होते. ते चाळीस वर्षे दुर्लक्षित राहिले होते.

भात हा काही देवदूत नव्हे याचा पुरावा जपानने दिला. उत्तर जपानातील अकिता प्रांतातील शेतकरी भातच खात. परंतु त्याबरोबर खारवलेल्या भाज्या, खारे मासे आणि मिसोचे सार घेत. त्यांच्या पोटात दररोज सुमारे २५ ग्रॅम मीठ जाई, आणि अर्धांगवायूने मरणाऱ्यांचे प्रमाण तेथे भयंकर होते. लुइस डाल यांनी १९६० मध्ये ही तुलना जगापुढे मांडली. कोकणातील वा गोव्यातील घरांना यातील मर्म सांगावयास नकोच. पानातला भात निरुपद्रवी खरा. परंतु त्याच्या डाव्या बाजूचे लोणचे, पापड, खारातली मिरची आणि भाजलेला सुका बांगडा यांचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.

केम्पनर यांचा आहार इतका नीरस होता की तो फारच थोड्यांना जन्मभर पाळता येई. लघवी तपासून पथ्य मोडले की काय हे ते ताडून पाहत. जे पाळवत नाही ते पथ्य कितीही गुणकारी असले तरी समाजाच्या उपयोगाचे नाही. म्हणून पुढच्या पिढीने प्रश्न बदलला: सामान्य माणसाला चवीने खाता येईल असा आहार दाब उतरवील काय? १९९७ मध्ये अमेरिकेत ४५९ माणसांवर केलेल्या ‘डॅश’ नामक प्रयोगाने याला होकारार्थी उत्तर दिले. भाज्या, फळे, कमी स्निग्धांशाचे दूधदुभते आणि बेताचे मांस अशा आहाराने, मिठाचे प्रमाण तेवढेच ठेवूनही, रक्तदाबाच्या रुग्णांचा पहिला आकडा सरासरीने ११ मिलिमीटरांहून अधिक उतरला. २००१ मध्ये त्याच आहारात मीठही कमी केले, तेव्हा गुण आणखी वाढला. आणि २०२१ मध्ये चीनच्या ६०० खेड्यांतील सुमारे २१,००० लोकांवरील प्रयोगाचा निकाल आला. निम्म्या खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी, ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले आहे असे मीठ देण्यात आले होते. त्या खेड्यांत अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाच्या रुग्णाला मात्र हे मीठ अपायकारक होऊ शकते. त्याने ते वैद्याला विचारल्यावाचून घेऊ नये.

तिसरी कथा तर महाराष्ट्राच्या भूमीवरचीच. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रम स्थापिला आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. योगाची महती श्रद्धेने गाणारे पुष्कळ होते. स्वामींनी आसने करणाऱ्या माणसाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला आणि क्ष-किरणांनी त्याचे पोट तपासले. त्या काळी ही गोष्ट योग्यांना अब्रह्मण्य आणि डॉक्टरांना हास्यास्पद वाटावी अशी होती. परंतु त्यांनी लावलेल्या रोपट्याला चार दशकांनी फळ आले. मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी, कैवल्यधामाच्या परंपरेतील डॉ. विनेकर यांच्यासह, रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले. दररोज अर्धा तास उताणे पडून राहावयाचे, स्नायू सैल सोडावयाचे, आणि चित्त नाकपुडीशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर ठेवावयाचे, एवढाच विधी. १९६९ मध्ये त्यांचा निबंध ‘अँजिओलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. औषध न घेणाऱ्या दहा रुग्णांचा सरासरी दाब १३४ वरून १०७ वर आला होता, आणि औषध घेणाऱ्यांपैकी पुष्कळांची मात्रा घटविता आली होती.

येथेही तुलनेचा गट नव्हता. ती उणीव लंडनमध्ये वैद्यकी करणाऱ्या डॉ. चंद्रा पटेल यांनी भरून काढण्याचा यत्न केला. १९७५ मध्ये त्यांनी ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. योगातील शिथिलीकरण शिकलेल्यांचा दाब सरासरीने १६८ व १०० वरून १४१ व ८४ वर आला. ज्यांना नुसते तितकाच वेळ आरामात बसविले होते त्यांचाही दाब १६९ व १०१ वरून १६० व ९६ वर उतरला. या दुसऱ्या गटाचा उतार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ज्याला काहीच दिले नाही त्याचाही दाब उतरतो. कारण पहिल्या भेटीची धास्ती ओसरते, आणि त्या दिवशी अपघाताने चढलेला आकडा दुसऱ्या खेपेस आपोआप खाली येतो. तुलनेवाचूनच्या प्रयोगात हे श्रेय उपचाराच्या खात्यावर जमा होते. पुढे अशा प्रयोगांची संख्या वाढली, तसतसा शिथिलीकरणाचा गुण पूर्वी वाटला त्याहून पुष्कळ माफक ठरला. १९९३ मध्ये उपलब्ध प्रयोगांचा जो एकत्र आढावा घेण्यात आला, त्यात खऱ्या शिथिलीकरणाचे पारडे नकली उपचाराहून फारसे जड भरले नाही. शवासनाने मनाला स्वास्थ्य लाभते, झोप सुधारते, औषधाला हातभार लागतो. औषधाची जागा ते घेऊ शकत नाही.

या तिन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ठळकपणे दिसते. उपचार पूर्वेचा की पश्चिमेचा, जुना की नवा, यावरून त्याचे भवितव्य ठरले नाही. सर्पगंधा जुनी होती. ती कसोटीस उतरली, हजारोंचे प्राण वाचविणाऱ्या सिद्धान्ताला कारणीभूत झाली, आणि अधिक चांगले मिळताच सन्मानाने बाजूस झाली. भाताचा उपचार नवा होता. त्याचा गुण खरा ठरला, परंतु कारण भलतेच निघाले. शवासन आपले होते, प्रिय होते. ते उपयुक्त ठरले, परंतु त्याच्यावर बांधलेले इमले फार उंच होते. प्रत्येक वेळी खरे काम केले ते हिशोबाने: किती जणांना दिले, न दिलेल्यांचे काय झाले, आणि ज्यांना गुण आला नाही त्यांची नोंद कोठे आहे, या तीन साध्या प्रश्नांनी.

या प्रश्नांचा विसर पडला तर हानी दोन्ही बाजूंनी होते. कलकत्त्यात छापलेले ज्ञान वर्षानुवर्षे पश्चिमेला दिसले नाही, आणि त्या अवधीत किती माणसे विनाकारण गेली याची गणती नाही. हे अवहेलनेचे फळ. उलट, एखादा गृहस्थ चालू असलेली गोळी टाकून देऊन कोणा हितचिंतकाने सुचविलेल्या मुळीवर किंवा काढ्यावर विसंबतो, त्याला काहीच दुखत नाही म्हणून तो बरा झाला असे समजतो, आणि वर्षभरात अंथरुणाला खिळतो. हे अंधविश्वासाचे फळ. सर्पगंधेची मुळी स्वतःच्या बुद्धीने उगाळून घेणाऱ्याने फ्रीस यांनी वर्णन केलेल्या खिन्नतेचे स्मरण ठेवावे.

सुशिक्षित घराने यातून घ्यावयाचा बोध अवघड नाही. चाळिशी उलटली की दाब मोजून घ्यावा; दुखत नाही हा पुरावा मानू नये. ताटातल्या मिठाला आवर घालावा, भाजीफळांना जागा द्यावी, दिवसाकाठी अर्धा तास देहाला आणि चित्ताला विसावा द्यावा. आणि वैद्याने गोळी दिली असेल तर ती त्याला विचारल्याखेरीज सोडू नये. या उपायांचे आपसांत वैर नाही. श्रॉपशायरच्या वृद्धेचा काढा, बिहारच्या बाजारातली मुळी आणि लोणावळ्याचे आसन यांना शास्त्राने दारातून हाकलून दिले नाही. त्यांना आत बोलावले, पाट मांडला, आणि मग त्यांच्यापाशी हिशोब मागितला. ज्यांच्यापाशी तो होता, त्यांचे घराणे आजही वैद्यकात नांदते आहे.